ऊर्जाधक्के, जपान आणि अंबरनाथ–उल्हासनगर–बदलापूर पट्टा

तेल, वायू किंवा विजेचा पुरवठा अचानक आटला, किंवा त्यांचे भाव थोड्या काळात भडकले, की उत्पादन, महागाई, चलन आणि शेअर बाजार यांना जो हादरा बसतो, त्याला ऊर्जाधक्का म्हणतात. जपानला हे हादरे वारंवार बसले आहेत, कारण तिथे स्वतःचे तेल जवळजवळ नाही आणि आयात कच्च्या तेलातले नव्वद टक्क्यांहून अधिक पश्चिम आशियातून येते. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर हा औद्योगिक पट्टाही बाहेरून आलेल्या इंधनावरच चालतो. त्यामुळे जपानचे प्रश्न इथल्या कारखानदाराला परके वाटत नाहीत.

अंबरनाथच्या मोरिवली आणि आनंदनगर किंवा बदलापूरच्या माणकिवली एमआयडीसीत नवखा माणूस गेला, तर त्याला एक गोष्ट खटकते. इथे साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. विजेचा तुटवडा असताना सगळ्या राज्याचा भार एकाच दिवशी कमी होऊन उरलेले सहा दिवस ताण पडू नये, म्हणून विभागवार सुट्ट्या वाटून दिल्या गेल्या. ठाणे पट्ट्याच्या वाट्याला शुक्रवार आला, पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला गुरुवार. या एका निर्णयाने हजारो घरांचा आठवडा बदलला. मुलांची शाळा रविवारी बंद आणि वडिलांची कंपनी शुक्रवारी बंद, असा संसार इथे कित्येकांनी केला आहे.

जपानने हाच उपाय 2011 मध्ये केला. 11 मार्चचा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची दुर्घटना यांनंतर अणुभट्ट्या एकामागून एक थांबल्या. त्या उन्हाळ्यात टोकियो आणि ईशान्य जपानमधील मोठ्या वीजग्राहकांना 15 टक्के कपात सक्तीची झाली. मोटार उद्योगाने जुलै ते सप्टेंबर गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊन शनिवार-रविवार कारखाने चालवले. तिथे तीन महिन्यांत आटोपलेली तडजोड इथे कायमची होऊन बसली. त्याची जितकी चर्चा व्हायला हवी होती, तितकी कधीच झाली नाही.

वीज जाणे म्हणजे फक्त दिवे जाणे नव्हे. रसायनाच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच चालू असताना ढवळणारा पंखा थांबला, तर आतली उष्णता एके ठिकाणी साचते. डिझेल जनरेटर (डीजी सेट) वेळेत सुरू झाला नाही, तर माल वाया जातो आणि कधी कामगारांच्या जिवावरही बेतते. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनसारख्या धाग्याच्या कारखान्याला वाफ अखंड लागते. उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांत कारागिराला नगावर मजुरी मिळते, त्यामुळे मशीन बंद तेवढा वेळ कमाई बंद. इथे ज्यांना सरसकट ‘जुकी’ म्हणतात, त्या मशीनच्या मूळ कंपनीचा शेअर टोकियोच्या बाजारात आहे. गाळेवाल्याचा मात्र कुठल्याच बाजारात नाही. ऊर्जाधक्क्याचे खरे मोजमाप निर्देशांकावरून का होत नाही, ते इथे कळते.

जपानला पहिला मोठा धक्का 1973 मध्ये बसला. पिंपाला सुमारे तीन डॉलरचे तेल काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेले. ओसाकाजवळच्या सेनरी वसाहतीत टॉयलेट पेपरसाठी झुंबड उडाली. 1974 मध्ये महागाई वीस टक्क्यांवर गेली आणि युद्धोत्तर काळात प्रथमच वार्षिक उत्पादन घटले. भारतातही तेच वर्ष महागाईचे आणि रेल्वे संपाचे होते. जपानने मात्र त्यातून कायदे घडवले : 1975 मध्ये तेलसाठ्यांचा, 1979 मध्ये ऊर्जाबचतीचा. आज त्याच्याकडे सरकारी व खासगी मिळून सुमारे दोनशे दिवसांचा साठा असतो. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर इथल्या भारताच्या भूमिगत साठ्यांची क्षमता 53.3 लाख टन, म्हणजे जेमतेम नऊ-दहा दिवसांची आहे.

वायूच्या बाबतीत दोन्ही ठिकाणे थेट जोडलेली आहेत. या पट्ट्यात महानगर गॅसचे जाळे आहे आणि देशी वायू पुरत नाही तेव्हा भारताला जहाजाने येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू (एलएनजी) घ्यावा लागतो. आशियातला त्याचा रोजचा भाव ज्या निर्देशकाने ठरतो, त्याच्या नावातच जपान आणि कोरिया आहेत. 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे युरोपही त्याच जहाजांवर बोली लावू लागला, भाव विक्रमी चढले आणि भारताची एलएनजी आयात घटली. टोकियोच्या वीजकंपन्यांना दीर्घ मुदतीच्या करारांचा आधार होता. लहान कारखानदाराला तसा आधार कुणाचा?

त्या वर्षी जपानची व्यापारी तूट सुमारे वीस लाख कोटी येन झाली आणि येन घसरला. स्वस्त येनमुळे निर्यातदार कंपन्यांचे नफे मात्र फुगले. 29 डिसेंबर 1989 चा 38,915 हा निक्केई या जपानी शेअर निर्देशांकाचा उच्चांक 22 फेब्रुवारी 2024 रोजी मोडला. 5 ऑगस्ट 2024 ला निर्देशांक एका दिवसात 12.4 टक्के कोसळला, तरी ऑक्टोबर 2025 मध्ये त्याने पन्नास हजारांचा टप्पा ओलांडला. याच काळात, 2022 ते 2024 अशी सलग तीन वर्षे, जपानी कामगाराचे महागाई वजा जाता वेतन घटले. बाजार तेजीत आणि घर तंगीत, हे चित्र तेजी मोजणाऱ्यांनी नजरेआड करू नये.

जपानचा पुढचा अंदाज तीन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली अणुभट्ट्या : 2011 पूर्वीच्या 54 पैकी 2024 अखेर चौदाच पुन्हा सुरू झाल्या होत्या. दुसरी, पश्चिम आशियातले तेल जिथून येते त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतली शांतता. आणि तिसरी म्हणजे बँक ऑफ जपान. तिने मार्च 2024 मध्ये उणे व्याजदर संपवला. तेल महागले, तर महागाई रोखण्यासाठी दर वाढवावेत की मंदी टाळण्यासाठी थांबावे, हा पेच तिच्यापुढे पुन्हा येईल. तेलाचा नुसता साठा त्यावर उतारा नाही.

बदलापूरहून लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या नोकरदारालाही आता जपानच्या शेअर बाजाराची वाट खुली आहे. ऑगस्ट 2014 मध्ये आलेली, आज निप्पॉन इंडियाच्या नावाने चालणारी जपान इक्विटी योजना त्यासाठीच आहे. परदेशी गुंतवणुकीची एकूण मर्यादा भरत आल्याने फेब्रुवारी 2022 मध्ये अशा योजनांत नवे पैसे घेणे थांबवावे लागले होते. चलनाचा हिशेबही धरावा लागतो. जानेवारी 2021 च्या सुरुवातीपासून 11 जुलै 2024 पर्यंत निक्केई सत्तावीस हजारांवरून बेचाळीस हजारांवर गेला. त्याच अवधीत येन सुमारे 70 पैशांवरून 52 पैशांवर आला, त्यामुळे रुपयांत मोजलेली वाढ येनमधल्या वाढीच्या एक तृतीयांशही भरत नाही.