करवतीमागची पाचर

जुन्या सुताराच्या डाव्या पायाच्या अंगठ्याजवळ एखादा पांढरट व्रण हमखास असायचा. तो वाकसाचा. सुतार जमिनीवर बसायचा, लाकूड पायाखाली दाबून धरायचा आणि वाकस अंगाकडं ओढत तासायचा. आमच्या घरात शिकाऊ पोराला वाकस लवकर हातात मिळतच नसे. आधी भुसा भरायचा, मग दोरीचं टोक धरायचं, मग रंधा. धार लावता आल्याशिवाय धारेचं हत्यार वापरायचं नाही, असा माझ्या आजोबांचा, म्हणजे आण्णांचा शिरस्ता होता. बोथट हत्यार घसरतं आणि घसरलेलं हत्यारच पायावर येतं, हे त्यामागचं साधं कारण.

आमचं गाव आष्टा आज सांगली जिल्ह्यात आहे. 1949 पर्यंत आमचा वाळवा तालुका साताऱ्याकडं होता, मग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. जिल्हे बदलले तरी इथल्या काळ्या रानाला लागणारं सुतारकाम बराच काळ तेच राहिलं: बाभळीचा नांगर, कुळव, जू, बैलगाडीची चाकं. त्र्यं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 साली निघाला. त्यात बलुतेदारांची जी व्यवस्था दिसते, तीच आण्णांनी लहानपणी पाहिलेली. सुताराला वर्षाच्या कामाचं धान्य खळ्यावर मिळायचं. हात कापला तर पेरणीच्या तोंडावर साऱ्या गावाची औतं अडायची, म्हणून सुताराचे हात जपणं ही त्याच्या एकट्याची काळजी नव्हती.

सगळ्यात जोखमीचं काम ओंडका चिरण्याचं. ओंडका लाकडी घोड्यावर तिरका चढवायचा, एक माणूस वर, एक खाली, आणि मधे लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडायचा, म्हणून तो डोक्याला फडकं बांधून मान खाली ठेवायचा. चीर हातभर पुढं गेली की आण्णा करवत थांबवायचे आणि मागच्या चिरेत लाकडी पाचर ठोकायचे. कारण लाकडात ताण असतो. झाड वाऱ्याशी झुंजत, उताराला टेकत वाढतं आणि तो ताण त्याच्या अंगात राहतो. चीर पडली की दोन्ही फाका कधी उघडतात, कधी एकमेकींवर मिटतात. मिटल्या की करवत जागच्या जागी आवळली जाते. पाचर ती चीर मिटू देत नाही.

पंचतंत्रात अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर बसून पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट आहे. शाळेत ती नसत्या उठाठेवीबद्दल शिकवतात. सुतारमेटावर, म्हणजे सुताराच्या कामाच्या जागी, ती जशीच्या तशी खरी मानायचे. पाचर निघाली की फाका केवढ्या जोरानं मिटतात, हे रचणाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं असणार, असं मला ठामपणे वाटतं. ओंडक्यावर पाय टाकून बसायचं नाही आणि पाचरीला सुताराशिवाय कुणी हात लावायचा नाही, ही आम्हा पोरांना पहिली ताकीद असायची.

चाकाला धाव चढवताना लोहार आणि सुतार एकत्र यायचे. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवून गोवऱ्यांच्या आगीत तापवायची, फुगली की सांडशांनी उचलून चाकाच्या लाकडी पुठ्ठ्यांवर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लाकूड पेटायच्या आत हे उरकावं लागे. त्या वेळी बोलणारा एकच, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं.

मग हे काम ओसरलं. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आजच्या सांगली जिल्ह्यातच किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर गावोगाव गेला. पुढं ऊसवाहतुकीला टायरच्या गाड्या आल्या. सुतार चौकटी, दारं, पलंग, कपाटांकडं वळला. 1962 मध्ये कोयनेचं पहिलं जनित्र फिरलं. पुढच्या काळात मेटावरच्या कामाला मोटार लागली आणि चक्री करवत आली.

इथं आमच्या धंद्याचं मोठं नुकसान झालं. यंत्र आलं, पण पाचर त्याच्याबरोबर आली नाही. 12 इंची पात मिनिटाला 2800 फेरे घेत असेल, तर तिचे दात ताशी सुमारे 160 किलोमीटर वेगानं धावतात. कापलेली चीर मागं मिटली, की पातीचे वर येणारे मागचे दात फळी उचलतात आणि कापणाऱ्याच्या पोटावर फेकतात. फळीपाठोपाठ हातही पातीकडं ओढला जातो. लोक याला नशीब म्हणतात. मला ते मान्य नाही. ताणाचं लाकूड आणि पाचरीविना चीर, एवढंच त्याचं कारण.

उपाय फार पूर्वी सापडला होता. पातीच्या लगेच मागं, तिच्याच रेषेत एक पोलादी उभी पट्टी बसवायची. ती पातीच्या अंगापेक्षा जाड आणि दातांनी पडणाऱ्या चिरेपेक्षा किंचित पातळ हवी, दातांपासून फार तर 8 मिलिमीटरवर. ब्रिटनमध्ये 1922 च्या नियमांनी ती सक्तीची केली. आपल्याकडं 1948 च्या कारखाना कायद्यानं यंत्राला आडोसा बंधनकारक केला. पण तो लागू व्हायला विजेवर चालणाऱ्या कारखान्यात तेव्हा 10 कामगार असावे लागत, आणि महाराष्ट्रात 2015 च्या दुरुस्तीनं ती मर्यादा 20 वर नेली. बाप, लेक आणि एक गडी असं चालणारं घरचं मेट तिच्यात बसतच नाही. तिथं पट्टी ‘आडवी येते’ म्हणून काढून माळ्यावर टाकतात.

2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे, प्रशिक्षणही आहे. त्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी ही पट्टी दाखवावी, अशी माझी मागणी आहे.

ज्यांच्या घरी चक्री करवत आहे, त्यांना एवढंच सांगणं. माळ्यावरची पट्टी शोधून पुन्हा बसवा, नसेल तर लोहाराकडून पातीच्या मापानं करून घ्या. फळीच्या सरळ मागं उभं राहू नका, शेवटचा वीतभर तुकडा हातानं नव्हे, काठीनं ढकला. फिरत्या पातीजवळ हातमोजे घालू नका, ते हाताला आत ओढतात. आणि यंत्र चालू असताना सुताराला हाक मारायची नाही, हे घरातल्या पोरांना आधी शिकवा.