शिप्पो

जपानमध्ये मीनाकामाला ‘शिप्पो’ म्हणतात. ‘शिचि’ म्हणजे सात, ‘हो’ म्हणजे रत्न. शब्द मूळचा आपल्याकडचाच: बौद्ध सूत्रांतली ‘सप्तरत्ने’ चिनी अनुवादांतून तिकडे पोचली. सोने, चांदी, वैडूर्य ही ठरलेली. बाकीची सूत्रागणिक बदलतात. तांब्याच्या पत्र्यावर चांदीची बारीक तार उभी बसवायची, मधल्या घरांत काचेची रंगीत पूड भरायची, भट्टीत भाजायचे, मग घासत बसायचे. झळाळी रत्नांसारखी, म्हणून हे नाव.

एका शुभ नक्षीलाही शिप्पोच म्हणतात: एकमेकांत शिरलेली सारखी वर्तुळे, मधे चार पाकळ्या. वर्तुळ म्हणजे ‘एन’ आणि ऋणानुबंधालाही ‘एन’च, त्यामुळे नक्षी नात्यांना लाभते असा समज. ती चौफेर पसरते, म्हणून ‘शिहो’चे (चार दिशा) शिप्पो झाले असेही सांगतात. मला तरी ही व्युत्पत्ती ओढूनताणून जुळवलेली वाटते.

पुन्हा मीनाकामाकडे येऊ. कारागीर नामिकावा सोसुके यांनी तर तारा काढून टाकून मीन्यात कुंचल्याची चित्रे उतरवली. चित्रकार वातानाबे सेइतेइ यांच्या रेखाटनांवरून केलेले त्यांचे फुले-पक्षी टोकियोच्या आकासाका राजवाड्यात आहेत. या कलेसाठी प्रसिद्ध असलेले, नागोयाजवळचे शिप्पो नावाचे गाव २०१० साली आमा शहरात विलीन झाले.