लोणार विवराच्या उत्पत्तीचा प्रश्न आणि चंद्रविवरे

लोणार विवर हे महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावालगत असलेले, बेसॉल्ट खडकात अशनीच्या आघाताने निर्माण झालेले विवर आहे. त्याच्या तळाशी खाऱ्या व अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. हे विवर ज्वालामुखीमुळे तयार झाले की अवकाशातून आलेल्या अशनीमुळे, याविषयी शंभराहून अधिक वर्षे मतभेद होते. अवकाशयुगाच्या आरंभी, म्हणजे १९५७ नंतरच्या दोन दशकांत, नेमका हाच प्रश्न चंद्रावरील विवरांविषयीही विचारला जात होता. त्यामुळे लोणारचा अभ्यास आणि चंद्राचा अभ्यास यांची सांगड घातली गेली. १९७३ साली लोणारचे आघातजन्य स्वरूप पुराव्यानिशी सिद्ध झाले आणि चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी तुलना करण्यासाठी पृथ्वीवरील एक महत्त्वाचे स्थळ म्हणून त्याला मान्यता मिळाली.

भूवैज्ञानिक पार्श्वभूमी

महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खन ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाव्हाच्या थरांनी व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतील भेगांमधून वारंवार बाहेर पडलेला लाव्हा थंड होऊन हे थर तयार झाले. आज त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. सह्याद्रीचे कडे, घाटमाथे आणि डोंगरी किल्ले याच खडकाचे आहेत. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील लेण्याद्रीची बौद्ध लेणीही याच बेसॉल्टमध्ये कोरलेली असून त्यांपैकी सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे. लेण्याद्रीच्या डोंगरात लाव्हाचे थर आडवे, एकावर एक रचलेले दिसतात.

लोणारचे विवर अशाच आडव्या थरांमध्ये पडलेले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर आहे. त्याचा आकार जवळजवळ वर्तुळाकार आहे. विवराचा कडा भोवतालच्या सपाट जमिनीपेक्षा उंच असून तेथील बेसॉल्टचे थर बाहेरच्या बाजूस कललेले आहेत. कड्याबाहेर, विवरातून उडालेल्या दगडमातीचे आवरण पसरलेले आहे. लेण्याद्रीसारख्या ठिकाणी आडवे दिसणारे थर येथे उचलले व वाकवले गेले आहेत, ही गोष्ट साध्या डोळ्यांनाही जाणवते. परंतु केवळ थर वाकले आहेत एवढ्यावरून ते कशाने वाकले हे ठरत नाही. वाद याच मुद्द्यावर होता.

स्थानिक आख्यायिका

लोणार परिसरातील आख्यायिकेनुसार लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालील गुहेत राहत असे. विष्णूने दैत्यसूदन रूपात येऊन गुहेवरील झाकण उडवले आणि त्याचा वध केला. हे सरोवर म्हणजे त्या दैत्याची गुहा होय, असे मानले जाते. लोणार गावात दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर असून सरोवराच्या काठी कमळजादेवीचे मंदिर आहे.

एकोणिसाव्या शतकातील मते

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. त्यानंतर येथे येऊन गेलेल्या बहुतेक भूवैज्ञानिकांनी विवर ज्वालामुखीजन्य असल्याचे मानले. सभोवार सर्वत्र लाव्हाचा खडक असल्याने हा निष्कर्ष स्वाभाविक होता. काहींच्या मते जमिनीखाली कोंडलेल्या वाफेच्या स्फोटाने हा खड्डा पडला, तर काहींच्या मते खालची जमीन खचून तो तयार झाला. १९१२ मध्ये ला टूश व ख्रिस्ती यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या प्रकाशनात लोणारचे सविस्तर वर्णन केले. त्यांचा कलही अंतर्गत कारणांकडेच होता.

अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये लोणारचे ॲरिझोनातील विवराशी असलेले साम्य दाखवून दिले. मात्र ॲरिझोनाचे विवर वाफेच्या स्फोटाने झाले असावे, असे त्यांचे मत होते. पुढे ते विवर अशनीच्या आघाताने झाल्याचे सिद्ध झाले. विशेष म्हणजे याच गिल्बर्ट यांनी चंद्रावरील विवरे आघाताने झाली असावीत, असे त्याआधी काही वर्षे मांडले होते. म्हणजे चंद्राविषयी त्यांचा तर्क बरोबर ठरला आणि पृथ्वीविषयी चुकला.

अवकाशयुगाचा आरंभ आणि चंद्राविषयीची कोडी

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक १ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्यानंतर आकाशाकडे पाहणाऱ्यांची संख्या जगभर वाढली आणि न उलगडलेल्या दृश्यांच्या नोंदीही वाढल्या. त्यांपैकी अनेक दृश्ये उपग्रह, अग्निबाणांचे टप्पे, बलून किंवा उल्का यांची होती. अनेकांनी 'स्पुटनिक' म्हणून पाहिलेला प्रकाशबिंदूही बहुधा त्या लहानशा उपग्रहाचा नसून त्याच्यासोबत कक्षेत गेलेल्या अग्निबाणाच्या मोठ्या टप्प्याचा होता.

याच काळात चंद्रावरील क्षणिक प्रकाशाच्या नोंदींकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. ३ नोव्हेंबर १९५८ रोजी सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ निकोलाय कोझिरेव यांनी अल्फॉन्सस विवराच्या मध्यवर्ती शिखराच्या वर्णपटात वायूंच्या उत्सर्जनाच्या खुणा दिसल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर १९६३ मध्ये ॲरिझोनातील लॉवेल वेधशाळेत चंद्राचे नकाशे तयार करणाऱ्या ग्रीनेकर व बार यांना ॲरिस्टार्कस विवराच्या परिसरात तांबूस ठिपके दिसले. १९६८ मध्ये नासाने अशा ५७९ नोंदींची सूची प्रसिद्ध केली.

या नोंदींना महत्त्व येण्याचे कारण असे की त्या खऱ्या असतील तर चंद्र अजूनही आतून सक्रिय आहे आणि त्याची विवरे ज्वालामुखीची मुखे असू शकतात, असे मानता आले असते. हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नव्हता. मानवाला चंद्रावर उतरवायचे तर तेथील जमीन कशाची आहे, ती किती टणक आहे आणि तिच्यावर किती धूळ आहे, हे ठाऊक असणे आवश्यक होते. मार्च १९६५ मध्ये नासाचे रेंजर ९ हे यान अल्फॉन्सस विवरातच आदळवण्यात आले आणि आदळण्यापूर्वी त्याने जवळून छायाचित्रे पाठवली.

आघात ओळखण्याच्या कसोट्या

१९६० मध्ये एडवर्ड चाओ, यूजीन शूमेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिझोना विवरातील खडकात कोएसाइट हे खनिज शोधले. क्वार्ट्झवर प्रचंड दाब पडला असता कोएसाइट तयार होते. ज्वालामुखीच्या स्फोटात एवढा दाब उत्पन्न होत नाही. त्यामुळे विवराच्या आकारावर किंवा अशनीच्या तुकड्यांवर अवलंबून न राहता खडकातील खनिजांवरून आघात ओळखता येऊ लागला.

लोणारला ही कसोटी लावण्यात एक अडचण होती. ॲरिझोनाच्या विवराभोवती क्वार्ट्झयुक्त वालुकाश्म आहे, परंतु बेसॉल्टमध्ये मूळ घटक म्हणून क्वार्ट्झ जवळजवळ नसते. येथे वेगळा पुरावा शोधणे भाग होते. तो पुरावा म्हणजे मॅस्केलिनाइट. बेसॉल्टमधील प्लॅजिओक्लेज या खनिजावर वातावरणाच्या दाबाच्या दोन लाख पटींहून अधिक दाब क्षणभर पडला तर त्याची स्फटिकरचना मोडते. खनिज न वितळताच त्याचे काचेसारखे रूप होते आणि कणाचा मूळ आकार कायम राहतो. या पदार्थाचे वर्णन प्रथम १८७२ मध्ये, बिहारमधील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेल्या अशनीवरून करण्यात आले होते. तो अशनी मंगळावरून आलेला असल्याचे शास्त्रज्ञांना पुढे समजले.

लोणारच्या प्रश्नाची उकल

१९६४ मध्ये लाफॉन्ड व रॉबर्ट डीट्झ यांनी लोणार हे अशनीचे विवर असावे, असे मत मांडले. दख्खनचे लाव्हाउद्रेक कोट्यवधी वर्षांपूर्वीच थांबले असताना विवर मात्र फारसे झिजलेले नाही, ही बाब ज्वालामुखीच्या मताविरुद्ध जाणारी होती. १९७२ मध्ये सागर विद्यापीठातील व्ही. के. नायक यांनी विवराजवळ सापडलेल्या काचमय पदार्थांकडे आघाताचा संभाव्य पुरावा म्हणून लक्ष वेधले.

निर्णायक पुरावा १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कर्ट फ्रेड्रिक्सन, ए. दुबे, डी. जे. मिल्टन व एम. एस. बालसुंदरम हे त्या लेखाचे लेखक होते. विवराच्या तळाला घेतलेल्या छिद्रांमधून भरड कोणाश्म आणि मॅस्केलिनाइट असलेला सूक्ष्म कोणाश्म मिळाला. कड्यावर खणलेल्या चरांमध्ये तीव्र आघाताने वितळलेले तुकडे आणि खडकाच्या वितळलेल्या रसाच्या गोलिका सापडल्या. ज्वालामुखीच्या कोणत्याही ज्ञात प्रक्रियेने या सर्व खुणांचे स्पष्टीकरण देता येत नव्हते. लोणारमधील सूक्ष्म कोणाश्म व काचेच्या गोलिका यांचे अपोलो मोहिमांनी आणलेल्या नमुन्यांशी जवळचे साम्य असल्याचेही या लेखात नोंदवले होते. १९७६ मध्ये सुझन किफर व सहकाऱ्यांनी लोणारच्या बेसॉल्टमधील आघाताच्या परिणामांची प्रयोगशाळेत घडवलेल्या आघातांशी तुलना केली.

चंद्राशी तुलना

जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ मोहिमेने चंद्राच्या शांतिसागरातून सुमारे २१.५ किलोग्रॅम नमुने आणले. त्यांत बेसॉल्ट होता आणि त्याचे वय ३५० कोटी वर्षांहून अधिक होते. यावरून असे दिसून आले की चंद्रावरील काळसर 'सागर' लाव्हाचे आहेत, परंतु हे उद्रेक अतिप्राचीन आहेत. चंद्रावरील बहुतेक विवरे मात्र आघातांनी पडलेली आहेत. म्हणजे वादातील दोन्ही पक्षांना काही अंशी आधार मिळाला: खडक ज्वालामुखीचा आणि खड्डा आघाताचा. लोणारची स्थितीही अगदी हीच आहे.

पृथ्वीवरील बहुतेक ज्ञात आघात विवरे वालुकाश्म, चुनखडक किंवा ग्रॅनाइटसारख्या खडकांत आहेत. बेसॉल्टमधील विवरे विरळ असून ब्राझीलमधील व्हार्जियाव व व्हिस्टा अलेग्रे ही इतर काही उदाहरणे होत. ती आकाराने मोठी व अधिक झिजलेली आहेत. साध्या वाटीच्या आकाराचे, सुस्थितीत राहिलेले बेसॉल्टमधील विवर म्हणून लोणारचे महत्त्व टिकून आहे. मंगळाचा पृष्ठभागही बऱ्याच अंशी बेसॉल्टचा असल्याने त्याच्या अभ्यासातही लोणारचा उपयोग होतो.

चंद्रावरील क्षणिक प्रकाशाच्या सर्व नोंदींचा उलगडा झालेला नाही. काही नोंदी पृथ्वीच्या वातावरणातील अस्थिरतेमुळे किंवा दुर्बिणीतील दोषांमुळे झाल्या असाव्यात. लहान उल्का चंद्रावर आदळल्याने क्षणभर चमक दिसते, हे १९९९ मधील सिंह उल्कावर्षावाच्या वेळी चित्रित झाले आहे. अपोलो १५ व १६ मोहिमांतील उपकरणांनी चंद्राच्या पृष्ठभागातून रेडॉन वायू बाहेर पडत असल्याची नोंद केली आणि ॲरिस्टार्कस परिसरात त्याचे प्रमाण अधिक आढळले.

अनुत्तरित प्रश्न

लोणारच्या वयाविषयी एकमत नाही. तापदीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे ठरवण्यात आले होते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन पद्धतीच्या मापनाने ते ५ लाख वर्षांहून अधिक आले. ज्याच्या आघाताने विवर पडले त्या अशनीचा मोठा तुकडा सापडलेला नाही. विवराच्या उत्तरेस असलेले अंबर तळे हेही लहान आघात विवर असावे, असे मत मांडले गेले आहे, परंतु ते सिद्ध झालेले नाही.

वयाविषयी असाच मतभेद जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथेही आहे. तेथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळतो. ही राख दख्खनच्या उद्रेकांची नसून इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीतून वाऱ्याबरोबर आली, असे तिच्या रासायनिक घटकांवरून मानले जाते. ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून बऱ्याच जुन्या उद्रेकाची, याविषयी संशोधकांत मतभिन्नता आहे. राखेसोबत सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांचा काळ या उत्तरावर अवलंबून असल्याने त्याला पुरातत्त्वाच्या दृष्टीने महत्त्व आहे.

संरक्षण

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने लोणारला राष्ट्रीय भूवारसा स्थळ म्हणून १९७९ मध्ये घोषित केले. परिसराला अभयारण्याचा दर्जा असून २०२० मध्ये सरोवराचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला. त्याच वर्षी जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाल्याने देशभर कुतूहल निर्माण झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे आढळले.

विवराचा खोलगट भाग संरक्षित असला तरी कड्याबाहेर पसरलेले आवरण शेती, रस्ते आणि वस्ती यांच्या खाली येते. १९७३ मधील पुराव्याचा एक भाग कड्यावर खणलेल्या चरांतूनच मिळाला होता. वयाचा व अशनीच्या स्वरूपाचा प्रश्न अजून सुटलेला नसल्याने विवराइतकेच हे आवरण जपणेही अभ्यासाच्या दृष्टीने आवश्यक आहे.