वाळूतली मशीद

आम्ही चौघं कच्छात गेलो ते खजुराची रोपं बघायला. दोन दुष्काळांत मोसंबी वाळून गेली होती आणि मुंद्र्याकडं खाऱ्या पाण्यावरही खजूर तग धरतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. बागा बघितल्या, रोपाचा दर ऐकला आणि गप झालो. निघताना बागवाला म्हणाला, "भाई, इथवर आलात तर भद्रेश्वर बघून जा."

भद्रेश्वरला लोक जातात ते वसईच्या जैन तीर्थाला. २००१ च्या भूकंपात ते ढासळलं, पुन्हा नव्यानं उभं राहिलं. तिथं गाड्यांची ही रांग. मशिदींकडं मात्र कुणी फिरकत नव्हतं. तिकडं वेडी बाभूळ. कच्छी लोकही तिला वेडीच म्हणतात. त्या काट्यातून वाट काढत गेलो तर वाळूत निम्मेअर्धे गाडलेले दगडी खांब. सोळाखांबी मशीद म्हणतात तिला. पलीकडं एक लहानशी दगडी वास्तू, इब्राहिमचा दर्गा. आत वाकून गेलो. वरचा घुमट आपल्या हेमाडपंती देवळासारखा, दगडावर दगड पुढं सरकवत मिटवलेला. भिंतीवर अरबी अक्षरं. हिजरी ५५४ चा लेख, म्हणजे इसवी सन ११५९-६०.

मी तिथंच बसलो. शाळेत शिकलो होतो, १२९६ साली अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला. आमच्या डोक्यात दख्खनमधला मुसलमान तिथून सुरू. आणि ही वास्तू तर देवगिरीला यादवांची राजधानी बसायच्याही आधीची! दिल्लीत सुलतानाची गादी नव्हती तेव्हाची. तलवारवाला इथं आलाच नव्हता. आले ते गलबतावाले व्यापारी. गाव जैन सावकारांचं बंदर. पुढं तेराव्या शतकात तिथलाच जगडूशा दुष्काळात कोठारं उघडून बसला. त्यानं मशीद बांधून दिली, असं त्याच्या चरित्रातच येतं.

आपल्याकडं तरी वेगळं कुठं होतं? ९१६ साली अल-मसूदी नावाचा अरब प्रवासी चौलला उतरला, तेव्हा तिथं दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. डहाणूजवळच्या चिंचणीला ताम्रपट सापडले. त्यात राष्ट्रकूट राजानं संजाण प्रांतावर नेमलेला मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी आहे. मधुमती म्हणजे महंमद. त्याच्या अमलात देवीच्या मठाला दान दिल्याचा तो ताम्रपट. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.

बागवाला म्हणाला, जुन्या भद्रेश्वरचे दगड लोकांनी उपसून नेले, मुंद्र्याच्या बांधकामालासुद्धा. बाकीचे हळहळले. मी खाली बघत राहिलो.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीचं थारोळं खचलं होतं. गावाच्या पांढरीला एक पडकी मशीद होती. वडिलांनी तिथले सहा घडीव दगड गाडीत घालून आणले. मी बैलांपुढं चालत होतो. मुलाणी वाटेत भेटला. वडील म्हणाले, "मुलाणी, पाण्याच्या कामाला लागत्यात." तो म्हणाला, "न्या की पाटील, पाण्यालाच चाललेत." एका दगडावर अक्षरं होती. वडिलांनी तो पालथा बसवला. का, ते मी तेव्हा विचारलं नाही, पुढंही नाही.

वडील चोर नव्हते, मुलाणीही भित्रा नव्हता. गरज होती आणि पडकं होतं. पण ती अक्षरं कुणाची, कोणत्या सालची, हे आता कोण सांगणार? दगड हलला की त्याची जागा जाते, आणि जागा गेली की साक्ष जाते.

खजूर काही आम्ही लावला नाही. गावी आल्यावर नातवाला आणि दोन गड्यांना घेऊन विहिरीवर गेलो. मोट जाऊन चाळीस वर्षं झालीत, थारोळं कोरडंच. पहारीनं दगड उलटा केला. अक्षरं शाबूत होती, चिखलानं भरलेली. नातू काडीनं चिखल काढत बसला. मुलाण्याचा नातू पुण्याला रिक्षा चालवतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मलाही ते वाचता येत नाही."

"येऊ नये का," मी म्हणालो, "पण दगड जागेवर ठेवायचाय. तू ये."

दिवाळीला येतो म्हणालाय. तोवर दगड ओसरीत ठेवलाय, अक्षरं वर करून.