शस्त्र आणि रक्षणाचे ऋण

पेडणे महालात, दोडामार्गाच्या सीमेलगत इब्रामपूर हे गाव आहे. काजूच्या डोंगरउतारांच्या आणि कुळागरांच्या या मुलुखात पीकरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी शेतकरी घरे आढळतात. दसऱ्यास ती बंदूक शस्त्रपूजेत मांडली जाते. निवडणूक आली की तीच पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. घरात पूज्य आणि सरकारदरबारी संशयित अशा या वस्तूचे खरे स्थान कोणते, हे इतिहासाच्या आधाराने पाहावे असे आम्हांस वाटते.

पेडणे प्रांत मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा; १७८८ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला. नव्या काबिजादींतील प्रजेने ही सत्ता निमूटपणे सोसली नाही. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी सत्तरीतील नाणूसचा किल्ला घेऊन बंड उभारले. परकी राज्यकर्त्यास प्रजेच्या हातचे शस्त्र का खुपते, याचे उत्तर अशा बंडांतच आहे. ब्रिटिश मुलुखात १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसास परवान्याची अट घातली आणि युरोपियनांस मोकळीक दिली. या अपमानाची आठवण जागी होती, म्हणूनच १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्कासही स्थान मिळाले.

स्वराज्य आल्यावर प्रश्नाचे स्वरूप पालटले. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. ज्याने त्याने हवे ते शस्त्र बाजारातून निर्बंधावाचून आणावे, तर राज्यकारभार चालावा कसा, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. उपसूचना फेटाळली गेली. अमेरिकेने १७९१ मध्ये जे हक्क म्हणून घटनेत लिहिले, ते आपल्याकडे १९५९ च्या कायद्याने परवान्याच्या कक्षेत ठेवले. आत्मसंरक्षण मात्र हक्कच राहिले. पूर्वीच्या दंडसंहितेची ९६ ते १०६ ही कलमे आणि २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे तो हक्क मान्य करतात. मात्र बळ गरजेपुरतेच वापरावे, ही मर्यादा घालून.

शस्त्रावाचून धैर्य नाही, असे पेडणेकरास तरी कोणी सांगू नये. याच महालातील पत्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींनी पोर्तुगीज गोळ्या छातीवर झेलल्या. कर्नैलसिंग तेथेच पडले.

तथापि शेतकऱ्याची अडचण निराळी आहे. १९५९ च्या कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची खास तरतूद केली. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला. त्यानुसार जीव वाचविण्यासाठी सद्हेतूने श्वापद मारणे हा गुन्हा नव्हे; पण पिकासाठी रानडुक्कर मारावयाचे तर वनाधिकाऱ्याची अनुज्ञा हवी. म्हणजे बंदूक पिकाच्या नावाने मिळते आणि पिकासाठी ती रोखता येत नाही! तिळारी खोऱ्यात २००२ च्या सुमारास हत्ती आले. २०२५ मध्ये ‘ओंकार’ नावाचा हत्ती पेडण्याच्या शेतांत शिरला. ज्या गजमुखास आपण चतुर्थीस पूजतो त्यावर गोळी झाडावी, असे कोण म्हणेल? परंतु एका रात्रीत आडवे झालेले भात कोणी भरून द्यावे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

आमचे मत असे की, बंदूक ही देवस्थानच्या दागिन्यांसारखी ठेव आहे. महाजन दागिने सांभाळतो, परंतु त्यांचा धनी होत नाही. परवानाधारकाने हेच ध्यानी धरावे. पण जे शासन प्रजेला शस्त्र आवरावयास सांगते, ते तिच्या रक्षणाचे ऋण आपल्या शिरी घेते. निवडणुकीत प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार व्हावा, सरसकट जमा करणे नको. आणि पिकाची भरपाई पुढील मिरगापूर्वी हाती पडावी. हे ऋण फिटले नाही, तर आधी शेत पडीक पडेल आणि मागाहून कायद्यावरील विश्वासही.