मोहाचें झाड आणि कायदा

भंडाऱ्याहून तुमसरकडे जातांना वाटेंत मोहाडी हें तालुक्याचें गांव लागतें. त्याच्या नांवाची व्युत्पत्ति कांहींहि असो, तें कानीं पडतांच मोहाच्या झाडाची आठवण व्हावी हें स्वाभाविक आहे. वैनगंगेच्या ह्या खोऱ्यांत तें झाड शेताच्या बांधापासून रानापर्यंत सर्वांच्या ओळखीचें आहे. परंतु सुशिक्षित कुटुंबांत मोहाचें नांव निघालें कीं बहुधा दारूच तेवढी आठवते. ही समजूत एकांगी आहे, इतकेंच नव्हे तर तिनें गरिबांचें पुष्कळ नुकसान केलें आहे.

संस्कृतांतील 'मधूक' तो हाच. 'कुमारसंभवांत' वधूवेषांतील पार्वतीचे केस दूर्वायुक्त मधूकमालेनें बांधलेले आहेत, व 'रघुवंशांत' स्वयंवरास निघालेल्या इंदुमतीच्या हातींहि मधूकाचीच माळ आहे. जें फूल कालिदासास मंगलकार्यास योग्य वाटलें, तें पुढें संशयास पात्र कसें ठरलें?

मोह हा चिकू व खिरणी यांच्या कुळांतील वृक्ष होय. फाल्गुनाच्या सुमारास त्याचीं पानें गळतात आणि उघड्या फांद्यांवर फिकट पिवळीं, मांसल फुलें येतात. तीं रात्रीं व पहाटे आपोआप खालीं पडतात. बायकामुलें टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वींच तीं वेंचावयास जातात. वाळलेलीं फुलें मनुकांसारखीं दिसतात व त्यांच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साखरेचा असतो. भाजून, शिजवून किंवा तिळांबरोबर कुटून तीं खातात. बियांचें तेल स्वयंपाकास, दिव्यास व साबणास चालतें. पानांच्या पत्रावळी होतात. शिवाय हीं फुलें येतात तीं उन्हाळ्याच्या तोंडीं, म्हणजे कोठारांतील धान्य सरत आलेलें असतें तेव्हां. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील असंख्य गरिबांस मोहाचा मोठा आधार झाला.

आतां दुसरी बाजू पाहूं. ह्या साखरेपासून दारू गाळतां येते, व ती पूर्वापार गाळली जात आहे. मुंबई इलाख्यांत १८७८ सालीं अबकारी कायदा झाला आणि दारू गाळण्याचें काम मोठ्या भट्ट्यांत एकवटूं लागलें. पुढें १८९२ सालीं खास मोहफुलांसाठींच कायदा करून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत तीं बाळगण्यावर व विकण्यावर निर्बंध घालण्यांत आले. चोरट्या भट्ट्या बंद करणें हा त्याचा हेतु सांगितला गेला. पण त्याच काळीं उरणच्या परवान्याच्या भट्ट्यांत मोहाचीच दारू होत होती! म्हणजे रोष दारूवर नव्हता; सरकारास कर न देणाऱ्या दारूवर होता, आणि त्यापायीं टोपलीभर फुलें अन्न म्हणून ठेवणारा कातकरी वा ठाकूरहि गुन्हेगारांच्या पंक्तीस बसला.

मोहाडीचा मुलूख १८६१ पासून मध्यप्रांतांत असल्यामुळें त्यास हा कायदा लागू नव्हता. परंतु १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यांतहि मोहफुलांवरील नियंत्रण आलें. भंडारा जिल्हा १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, आणि त्याच्यामागून तीच जुनी दृष्टि इकडेहि आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें मोहफुलांवरील निर्बंध सैल केले.

दारूनें संसार बुडतात, हें कोणीहि नाकारणार नाहीं. म्हणून दारूवर बंधन असूं नये, असें ह्या लेखाचें म्हणणें नाहीं. प्रश्न निराळा आहे. मद्य द्राक्षांपासूनहि होतें. तथापि घरांत मनुका ठेवणाऱ्यास कोणी कधीं चौकशीस बोलाविलें नाहीं. मनुका आपल्या डब्यांत असतात आणि मोहफुलें रानांतल्या झोंपडींत असतात, एवढाच काय तो भेद. कायदा करणारांनीं फुलांत केवळ भट्टी पाहिली. तें वेंचणारीची चूल त्यांच्या दृष्टीस पडली नाहीं. निर्बंध आतां सैल झाले, हें योग्यच झालें. पण फुलांचा रास्त भाव वेंचणारीच्या हातीं पडेल व तीं पुन्हां आपल्या ताटांत मानानें येतील, तेव्हांच ही जुनी चूक खऱ्या अर्थानें दुरुस्त झाली असें म्हणतां येईल.