शाळेबाहेरचे शिक्षण आणि समविचारी सोबतीचा शोध : सिरोंचा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

आपल्या मुलांना शाळेत न पाठविता घरी, परिसरात व प्रत्यक्ष कामातून शिकू देणारी कुटुंबे आज महाराष्ट्रात आहेत. पुणे-मुंबईसारख्या शहरांत त्यांचे अस्तित्व अधिक जाणवते. या पद्धतीस 'होमस्कूलिंग' अथवा 'अनस्कूलिंग' असे म्हटले जाते. पहिल्या प्रकारात शाळेचा अभ्यासक्रम बहुधा घरी आणला जातो. दुसऱ्या प्रकारात अभ्यासक्रमच बाजूला ठेवून मुलाच्या जिज्ञासेला वाट दिली जाते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारासाठी 'शाळामुक्त शिक्षण' ही संज्ञा वापरली आहे.

अशा कुटुंबांपुढे पहिली अडचण उभी राहते ती पुस्तकांची वा परीक्षेची नसते, तर सोबतीची असते. शेजारची सर्व मुले सकाळी शाळेत गेली की घरी राहिलेल्या मुलाने खेळावे कोणाशी, आणि नातेवाईक व शेजारी आपल्या निर्णयाकडे संशयाने पाहू लागले की आईवडिलांनी बोलावे कोणाशी, हा तो प्रश्न होय. हा प्रश्न वरवर पाहता आजच्या शहरी मध्यमवर्गाचा वाटतो. तथापि सिरोंचा येथून त्याकडे पाहिले असता त्यास एक जुना इतिहास असल्याचे दिसते. तो इतिहास तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1. सिरोंचा व गडचिरोली परिसरातील शाळेबाहेरच्या शिक्षणाच्या सामूहिक परंपरेचा परिचय करून घेणे.
2. प्रचलित शाळा नाकारणाऱ्या कुटुंबांनी सोबत कशी निर्माण केली, याचा ऐतिहासिक उदाहरणांद्वारे शोध घेणे.
3. 'समविचारी समूह' या कल्पनेच्या मर्यादा स्पष्ट करणे.

गृहीतक :

शाळामुक्त कुटुंबाला लागणारा समूह केवळ विचारसाम्यातून टिकत नाही. सामाईक जागा, सामाईक काम आणि सामाईक निर्णय यांतून तो घडतो.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ, आत्मकथने आणि संस्थांचा ज्ञात इतिहास यांचा आधार घेतला आहे.

सिरोंचा : सीमेवरचा तालुका

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निर्माण झालेली प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. पैलतीरावर तेलंगणातील कालेश्वरम आहे. 1860 मध्ये हा प्रदेश निजामाकडून ब्रिटिशांकडे आला आणि सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. 1874 मध्ये तो जिल्हा मोडून सिरोंचाचा भाग चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. पुढे 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. अशा रीतीने राज्यकर्ते, जिल्हे व सीमा बदलत गेल्या. लोकांच्या तोंडी मात्र तेलुगू, माडिया, गोंडी आणि मराठी या भाषा एकत्र नांदत राहिल्या.

आधुनिक सरकारी शाळा ही या भागात ब्रिटिश अंमलानंतर आलेली संस्था होय. घरची भाषा एक आणि पाठ्यपुस्तकाची दुसरी, हा अनुभव येथील अनेक मुलांच्या वाट्याला आला आहे. त्यामुळे 'शाळेविना शिक्षण' हा शब्दप्रयोग येथे दोन अगदी भिन्न अर्थांनी ऐकू येतो. एक अर्थ शाळेपर्यंत न पोहोचलेल्या मुलाचा आणि दुसरा शाळा विचारपूर्वक नाकारणाऱ्या कुटुंबाचा. पहिला वंचनेचा आहे, दुसरा निवडीचा. या दोहोंची गल्लत करणे हा अभ्यासकाचा मोठा दोष ठरेल.

गोटुल : निवडलेली नव्हे, लाभलेली सोबत

शाळा येण्यापूर्वी या वनप्रदेशातील मुले अशिक्षित होती, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. माडिया व गोंड समाजातील गोटुल ही गावाची सामाईक वास्तू होती. तरुण मुलांचे एकत्र येणे, गाणी व नृत्य, गावाच्या बैठका, पाहुण्यांची उतरण्याची सोय अशा अनेक गोष्टी तिच्याभोवती गुंफलेल्या होत्या. शेजारच्या बस्तरमधील मुरिया समाजाच्या गोटुलावर व्हेरिअर एल्विन यांनी 1947 मध्ये सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मुलामुलींना दिलेली पदे, वाटून दिलेली कामे आणि मोठ्यांच्या हस्तक्षेपावाचून चालणारी शिस्त यांचे वर्णन आढळते. मुरियांचे गोटुल आणि गडचिरोलीतील माडियांचे गोटुल यांच्या चालीरीतींत फरक आहे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. तथापि मुलांची सोबत ही एकेका कुटुंबाची नव्हे तर अख्ख्या गावाची जबाबदारी आहे, ही जाणीव दोन्हीकडे समान दिसते.

गोटुलातील मुले एकमेकांची समविचारी होती म्हणून एकत्र येत नसत. ती एका गावची होती, एवढे कारण पुरेसे होते. भांडखोर, अबोल, चपळ, आळशी अशा सर्वांना तेथे जागा होती. आजच्या शाळामुक्त कुटुंबाला जे शोधून मिळवावे लागते, ते गोटुलातील मुलाला जन्मतःच लाभलेले असे.

गोटुलाची ही परंपरा केवळ भूतकाळात जमा झालेली नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने 1980 च्या दशकात आपले गोटुल पुन्हा उभारले. त्यासाठी लागणाऱ्या लाकडावरून वनखात्याशी संघर्ष झाला. परंतु गाव मागे हटले नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागातून तेथे अभ्यासगटांची पद्धत रुजली. जंगल, कायदा, गावाचा कारभार अशा विषयांवर गावकरी एकत्र बसून, गरजेप्रमाणे बाहेरच्या जाणकारांना बोलावून अभ्यास करू लागले. निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घेण्याचा दंडक त्यांनी पाळला. 2009 मध्ये वनहक्क कायद्यान्वये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावास सामूहिक हक्क मिळाला. शाळेच्या भिंतींबाहेर, प्रौढांनी परस्परांच्या सोबतीने घेतलेल्या शिक्षणाचे याहून ठळक उदाहरण या जिल्ह्यात क्वचितच सापडेल.

फिनिक्स ते हेमलकसा : घडविलेली सोबत

गावाची अशी सोबत ज्यांना लाभली नाही, त्यांनी काय केले? या संदर्भात महात्मा गांधींचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी आपल्या मुलांना प्रचलित शाळेत घालण्याचे टाळले. 1904 मध्ये फिनिक्स वसाहत आणि 1910 मध्ये टॉलस्टॉय फार्म सुरू झाले. टॉलस्टॉय फार्मवर सत्याग्रही कुटुंबांची विविध धर्मांची व भाषांची मुले एकत्र राहत. शेती, स्वयंपाक, सफाई, चपला तयार करणे ही कामे हाच त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग होता. म्हणजेच एका कुटुंबाचा निर्णय टिकविण्यासाठी एक वस्तीच उभी करावी लागली.

या प्रयोगाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. आपल्याला रीतसर शिक्षण मिळाले नाही, ही खंत गांधींच्या मुलांच्या मनात राहिली आणि तिचा उल्लेख खुद्द गांधींनी आत्मकथेत केला आहे. थोरले पुत्र हरिलाल यांच्याशी आलेल्या दुराव्यामागे हेही एक कारण होते. सोबत जमली होती, पण ती वडिलांच्या विचारांची होती. मुलाचा विचार त्यात कितपत विचारात घेतला गेला, हा प्रश्न उरतोच.

या अनुभवाचे पुढील रूप विदर्भातच घडले. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली आणि सेवाग्राम तिचे केंद्र झाले. डॉ. अभय बंग यांच्या शालेय जीवनाचा महत्त्वाचा काळ सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत गेला. त्यांनी त्या शाळेविषयी आत्मीयतेने लिहिले आहे. डॉ. राणी बंग यांच्यासह 1986 मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभारली आणि 2006 पासून 'निर्माण' या उपक्रमातून तरुणांना जीवनाचे प्रयोजन शोधण्यासाठी एकत्र आणले. येथेही तरुण एकत्र येतात ते समाजाच्या प्रत्यक्ष प्रश्नांच्या निमित्ताने.

हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाचे उदाहरण सिरोंचाला आणखी जवळचे आहे. डिसेंबर 1973 मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे आणि त्यांचे सहकारी भामरागडच्या जंगलात राहू लागले तेव्हा आजूबाजूस त्यांच्या विचाराचे वा शिक्षणाचे कोणीही नव्हते. 1976 मध्ये तेथे शाळा सुरू झाली आणि आमटे दांपत्याची मुले माडिया मुलांच्याच सोबतीने वाढली व शिकली. हे शाळामुक्त शिक्षण नव्हे, हे उघड आहे. परंतु आपल्यासारख्या कुटुंबांची वाट न पाहता, भोवती असलेल्या मुलांनाच आपल्या मुलांचे सवंगडी मानण्याचा हा मार्ग आजच्या कुटुंबांनी अभ्यासावा असा आहे.

शाळामुक्तीचा आधुनिक विचार आणि सोबतीची जाळी

इव्हान इलिच यांनी 1971 मध्ये समाजालाच शाळेच्या पकडीतून मोकळे करण्याचा विचार मांडला. शाळेऐवजी शिक्षणाची जाळी असावीत आणि समान विषयात रस असणाऱ्यांची परस्परांशी गाठ घालून देण्याची व्यवस्था असावी, असे त्यांनी सुचविले. अमेरिकेतील जॉन होल्ट यांनी 1977 मध्ये शाळेविना वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक नियतकालिक सुरू केले. पालकांची पत्रे आणि एकमेकांशी संपर्क साधू इच्छिणाऱ्या कुटुंबांची यादी ही त्याची खास ओळख होती. विखुरलेल्या कुटुंबांना आपण एकटे नाही, हा दिलासा त्यातून मिळाला.

गोव्यातील म्हापसा येथील 'अदर इंडिया प्रेस'ने या विचाराचे साहित्य भारतीय वाचकांपर्यंत पोहोचविले. याच प्रकाशनाने 1999 मध्ये राहुल आल्वारिस यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. दहावीनंतर त्यांनी एक वर्ष कॉलेजात न जाता मासे, झाडे, साप यांच्या अभ्यासात घालविले, त्याचा हा वृत्तान्त होय. त्यांना सोबत मिळाली ती समवयस्कांच्या मंडळात नव्हे, तर मत्स्यालयाच्या दुकानात, पुण्याच्या सर्पोद्यानात आणि त्या त्या कामातील जाणत्या माणसांपाशी. भारतात पुढे 'स्वशिक्षण' या नावाने गृहशिक्षण करणाऱ्या कुटुंबांची संघटनाही उभी राहिली.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. 6 ते 14 वयोगटातील बालकांना त्याने शिक्षणाचा हक्क दिला आणि मुलांना शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. त्यामुळे शाळामुक्त कुटुंबांच्या मनात कायदेशीर स्थितीविषयी चिंता निर्माण होणे स्वाभाविक होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमुळे दहावी-बारावीच्या परीक्षेचा मार्ग खुला राहतो. परंतु परीक्षा हा सोबतीला पर्याय नव्हे.

विवेचन :

वरील उदाहरणे एकत्र पाहता 'समविचारी' या शब्दाकडेच चिकित्सेने पाहावे लागते. समविचारी कुटुंबे बहुधा एका वर्गाची, एका भाषेची आणि सारख्या शिक्षणाची असतात. त्यांच्या मेळाव्यात दिलासा मिळतो व तो मोलाचा असतो. मात्र मेळावा संपला की प्रत्येक जण आपापल्या घरी परततो आणि मुलाचा मंगळवार पुन्हा रिकामाच राहतो. सिरोंचासारख्या गावी तर विचारसाम्याची अट घातली तर कोणीच उरणार नाही. येथे उपलब्ध आहेत ते कोळी, विणकर, शेतकरी, वनौषधी ओळखणारे वृद्ध आणि शाळा सुटल्यावर नदीकाठी जमणारी मुले. त्यांना शाळामुक्तीचा विचार ठाऊक नसेल. शिकविण्यासारखे मात्र त्यांच्यापाशी पुष्कळ आहे.

येथेच एक नैतिक प्रश्नही उपस्थित होतो. ज्या घरातील आईवडील स्वतः शिकलेले आहेत त्यांना शाळा सोडण्याचे स्वातंत्र्य परवडते. ज्या घरातील पहिलीच पिढी अक्षर गिरवीत आहे त्या घरासाठी शाळा हाच बाहेर पडण्याचा रस्ता असतो. वर्गात घरची तेलुगू वा माडिया बाजूला ठेवून मराठीत उत्तर जुळविणारा विद्यार्थी पाहिला म्हणजे हे प्रकर्षाने जाणवते. म्हणून शाळामुक्त कुटुंबाने शाळेची निंदा करण्यापेक्षा शाळेत जाणाऱ्या मुलांशी आपल्या मुलांचे नाते जोडणे अधिक न्यायाचे ठरेल.

निष्कर्ष :

1. गडचिरोली परिसरात शाळेबाहेरचे शिक्षण ही परकी कल्पना नाही. गोटुलाच्या रूपाने तिला सामूहिक अधिष्ठान होते.
2. गोटुल, टॉलस्टॉय फार्म, मेंढा व हेमलकसा या भिन्न उदाहरणांत सामाईक जागा आणि सामाईक काम हे घटक समान आढळतात.
3. सामाईक निर्णयाचा घटक सर्वत्र सारखा आढळत नाही. मेंढा येथे तो ठळक आहे. टॉलस्टॉय फार्मवर मुलांच्या बाबतीत तो उणा पडला. त्या मर्यादेत गृहीतकास पुष्टी मिळते.
4. पालकांची समविचारी सोबत आणि मुलाची सोबत या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिली भागली म्हणजे दुसरी आपोआप भागत नाही.
5. शाळा न मिळणे आणि शाळा नाकारणे यांतील भेद धोरणकर्त्यांनी व पालकांनीही सतत लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

समारोप :

शाळामुक्त शिक्षण स्वीकारणाऱ्या कुटुंबाचे एकटेपण खरे आहे आणि त्याची थट्टा करणे अनुचित आहे. तथापि इतिहास असे सांगतो की सोबत शोधणारी कुटुंबे दूरवर आपल्यासारखी माणसे पाहत राहिली तोवर एकटीच राहिली. ज्यांनी आपल्या अंगणात, शेतात वा गावाच्या गोटुलात काही काम मांडले, त्यांच्याकडे माणसे आली. ती प्रथम समविचारी नव्हती. सोबत काम करता करता काही झाली, काही झाली नाहीत. मुलाच्या वाढीला या दोन्ही प्रकारच्या माणसांची गरज असते. गोटुल बांधणाऱ्यांना हे कोणत्याही ग्रंथावाचून ज्ञात होते, आणि आजच्या कुटुंबांनी त्यांच्याकडून घ्यावयाचा पहिला धडा हाच आहे.